भूमिगत खाणीनं खचणारी जमीन आणि तिच्यावरच्या जुन्या जागा : आपल्याकडून काय होऊ शकतं?

मन्याडकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझं गाव कंधार तालुक्यात, नोकरी मात्र विदर्भातल्या एका भूमिगत कोळसा खाणीत, सर्व्हे खात्यात. मागं लेण्यांच्या पडझडीवर इथं चर्चा झाली, तेव्हा कुणीतरी विचारलं होतं की खाली खाण चालली तर वरच्या देवळाला नक्की काय होतं. उत्तर लिहायला बसलो आणि ते फार लांबलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

आधी तो मुलूख डोळ्यासमोर आणा. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट, अचलेश्वराचं देऊळ, गोंड राजांच्या समाध्या, वर्धेच्या काठचा बल्लारपूरचा किल्ला, भद्रावतीला विजासन टेकडीतली बौद्ध लेणी. हा सगळा भाग वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यात येतो, आणि चंद्रपूर शहराला तर भूमिगत खाणी अगदी चिकटून आहेत. नागपूर जिल्ह्यात जुनापाणी, माहूरझरी, टाकळघाट इथं लोहयुगातली शिळावर्तुळं आहेत. त्याच जिल्ह्यात कामठी-उमरेडचा कोळसाही आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर बघता बघता जमिनीत गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातली माणसं वेळेत बाहेर पडली म्हणून वाचली.

खाली काय घडतं ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक भूमिगत कोळसा खाणी बोर्ड-पिलर पद्धतीच्या. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गॅलऱ्या काढायच्या, मधे चौकोनी पिलर ठेवायचे, छत त्या पिलरवर उभं. तोवर वर फारसं काही कळत नाही. पुढच्या टप्प्यात पिलरमधलाही कोळसा काढतात, ते डिपिलरिंग. मग छत पडू देतात. मागं राहिलेल्या त्या पडक्या पोकळीला खाणीत गोफ म्हणतात. छत पडलं की त्यावरचे थर वाकतात, वाकत वाकत ते जमिनीपर्यंत येतं आणि वर बशीसारखा खोलगट भाग तयार होतो. तीन मीटरचा थर पूर्ण काढला तर वर दीड-पावणेदोन मीटर खचणं नवलाचं नाही.

पण वास्तूचा प्रश्न किती खचलं याच्यापेक्षा कसं खचलं याचा आहे. बशीच्या मध्यात जमीन आवळली जाते, काठाला ताणली जाते. दगडी बांधकाम दाब पुष्कळ सोसतं, ताण सोसत नाही. आमच्या हिशेबात हा ताण खचण्याला खोलीनं भागून आणि एका ठरलेल्या गुणकानं गुणून येतो, म्हणजे थर जितका उथळ तितकी वर ओढाताण जास्त. तीन मीटरचा थर, शंभर मीटर खोली, छत पूर्ण पाडलेलं असं धरलं तर ब्रिटिश खाणींच्या जुन्या सूत्रानं काठाजवळ दर मीटरला अकरा-बारा मिलिमीटर ताण निघतो. दहा मीटर लांबीच्या भिंतीखालची जमीन दहा-बारा सेंटिमीटरनं लांबली. दगडावर दगड बसवलेली हेमाडपंती भिंत हे कसं सोसणार? तोच थर तीनशे मीटरवर असता तर ताण साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

अशी भेग मी शेतात जवळून पाहिली आहे. पऱ्हाटीच्या दोन तासांमधून सरळ गेलेली, हात सहज आत जाईल एवढी रुंद, आणि काठावरच्या एका झाडाची मुळं दोन्हीकडं ओढली जाऊन उघडी पडलेली. नंतर डोझर आला, बाजूची माती लोटून भेग बुजवून गेला. शेतासाठी ते बरोबरच. पण त्या शेताखाली जुनी वस्ती गाडलेली असती, तर भेगेनं तिचे थर कापले असते आणि डोझरनं वरचा फूट-दीड फूट कालवून टाकला असता. खापर कुठल्या थरात सापडलं हेच उत्खनन करणाऱ्याला हवं असतं. ते गेलं की खापर हातात येऊनही काही सांगत नाही.

आता उपाय. वास्तूखालच्या भागातले पिलर न काढता सोडता येतात. पोकळीत पाण्याबरोबर वाळू भरता येते, ते स्टोइंग. वाळूच्या जागी थर्मल वीज केंद्राची राख वापरण्याचेही प्रयोग झाले आहेत. थोडाच कोळसा काढून बाकीचा आधारासाठी ठेवता येतो. हे सगळं कामगार खाली उतरायच्या आधी कागदावर ठरतं. आमच्या ऑफिसात सरफेस प्लॅन असतो : विहीर, रस्ता, ओढा, विजेची लाइन, घर, मंदिर. त्याच्याखाली गॅलऱ्यांचा प्लॅन धरायचा आणि कुठं काय सोडायचं ते बघायचं. जे त्या प्लॅनवर नाही त्याच्यासाठी एकही पिलर सुटत नाही. उभं देऊळ दिसतं, म्हणून ते प्लॅनवर येतं. शेतातलं टेकाड, गोलात मांडलेले धोंडे, झुडपात गेलेले वीरगळ येत नाहीत.

मला एवढंच मांडायचं आहे की जागा वाचवायची तर तिची नोंद खाणीच्या आधी व्हायला हवी. नंतरची धावपळ बहुतेक वेळा भेगा मोजण्यापुरतीच उरते.

अजिंठ्याची_लेक

दादा, फार चांगलं समजावलंत. मी वास्तू-संवर्धन शिकतेय, म्हणून एक शंका. केंद्राच्या संरक्षित स्मारकांना १९५८ चा कायदा आहे. जून १९९२ च्या अधिसूचनेनं संरक्षित हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढं २०० मीटर नियंत्रित क्षेत्र ठरलं, आणि ते बांधकामाइतकंच खाणकामालाही लागू केलं. मग ३०० मीटरच्या बाहेर खाण असली तर वास्तू सुरक्षित धरायची का? अंतर तर जमिनीवर मोजतात, खाण खाली असते.

मन्याडकाठ

ताई, नेमका मुद्दा. खालच्या गोफाच्या कडेपासून वर जिथवर जमीन हलते तिथवर एक तिरकी रेषा काढतात. ती उभ्या रेषेशी जो कोन करते त्यावर सगळं आहे. ब्रिटनमध्ये हा कोन ३५ अंश धरायचे. आपल्याकडं दगड वेगळा, कोन बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी येतो, पण सुरक्षित बाजूनं ३५ च धरा. खोली १५० मीटर असेल तर परिणाम कडेच्या बाहेर १०५ मीटरपर्यंत. ४०० मीटर असेल तर २८० मीटर. ५०० मीटर झाली की ३५० मीटर, म्हणजे ३०० ची हद्द ओलांडून आत.

वर्धा खोऱ्यातल्या जुन्या खाणी मात्र बऱ्याच उथळ. तिथं लांबवर पसरणाऱ्या बशीपेक्षा अचानक भगदाड पडायची भीती मोठी, घुग्घुसला झालं तसं. बंद खाणीत पाणी भरतं, पिलर वर्षानुवर्षं झिजतात, वर काही हालचाल दिसत नाही आणि एक दिवस छत सुटतं. म्हणून बंद खाणींचे जुने नकाशे जपणं हेही स्मारक जपण्यातच येतं.

कोळसा खाणींच्या नियमात दुसऱ्याच्या मालकीच्या इमारती, रेल्वे, सार्वजनिक बांधकामं यांच्याखाली आणि आडव्या अंतरात ४५ मीटरच्या आत परवानगीशिवाय काम करता येत नाही. पण यातही तेच. गाडलेली वस्ती ही कुणाच्या नजरेत इमारत नसते.

बालाघाट

लेख आवडला, पण स्पष्ट बोलतो. मराठवाड्याच्या बहुतेक भागाखाली काळा पाषाण आहे, लाव्ह्याचे थरावर थर. कोळसा नाही, भूमिगत खाण नाही, उद्याही येणार नाही. आपल्या जिवावर उठलेत ते क्रशर आणि मुरूम. आमच्या भागात अर्धी टेकडी गायब झाली आहे. सुरुंग उडाला की घरातली भांडी वाजतात. चंद्रपूरचं दुःख खरं, पण आपल्या माणसांनी आधी आपल्या डोंगराकडं बघावं असं मला वाटतं.

मन्याडकाठ

बालाघाट भाऊ, राग समजतो आणि तो रास्त आहे. दोन गोष्टी सांगतो.

परळीच्या थर्मलला येणारा कोळसा विदर्भ-तेलंगणाच्या खाणींतून येतो. किनवट-माहूरकडची कितीतरी माणसं त्या पट्ट्यात राबतात. आपल्या घरातल्या दिव्याची किंमत कुणाच्या तरी गावाखालून वजा होत असेल, तर तिथल्या लेण्यांची काळजी आपलीही.

दुसरं, तुम्ही म्हणता ते क्रशर याच विषयात येतात. ताईंनी सांगितलेल्या १९५८ च्या कायद्याखालच्या १९५९ च्या नियमांमध्ये खाणकामाच्या व्याख्येतच दगड काढणं, खोदणं आणि सुरुंग लावणं धरलं आहे. म्हणजे ती १०० अधिक २०० ची हद्द खदानीलाही लागू.

शेंद्रा_सिव्हिल

सुरुंगाबद्दल आकडे देतो, तक्रार अर्जात उपयोगी पडतील. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं १९९७ चं एक परिपत्रक आहे, धनबादहून निघालेलं. ऐतिहासिक महत्त्वाच्या आणि नाजूक वास्तूंसाठी जमिनीच्या कंपनवेगाची मर्यादा त्यात अशी आहे : कंपनसंख्या ८ हर्ट्झच्या खाली असेल तर सेकंदाला २ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर ५, आणि २५ च्या वर १०. साध्या घरांपेक्षा हे बरंच कडक आहे. तेव्हा 'सुरुंगामुळे तडे जातात' एवढंच लिहू नका, 'या मर्यादेनुसार मोजणी करून अहवाल द्यावा' अशी मागणी लिहा. भांडी वाजतात हे पुरावा म्हणून टिकत नाही, मोजणी टिकते.

मन्याडकाठ यांच्या 'कसं खचलं' या मुद्द्याला एक दाखला जोडतो. चेक प्रजासत्ताकात कार्विना इथं १७३६ चं सेंट पीटर ऑफ अल्कांतराचं चर्च आहे. खालून कोळसा काढल्यामुळं ते जवळपास ३७ मीटर खाली गेलं आणि सुमारे ६.८ अंश कललं, पण आजही उभं आहे, तिथं प्रार्थना होते. भोवतालची जमीनच एवढी खाली गेली, चर्च तिच्यासोबत उतरलं. आजूबाजूचं गाव मात्र राहिलं नाही. आणि याउलट, पायाच्या एकाच कोपऱ्याखाली चार इंच फरक पडला तरी कमान उघडते.

हे आपल्याकडं खाणीशिवायही होतं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगा सगळ्यांनी पाहिल्या आहेत. जुन्या लोकांनी म्हणूनच पाया मुरमापर्यंत नेला. आज देवळाला लागून बोअर, पाण्याची टाकी, गळका नळ. पायाची एक बाजू कायम ओली, दुसरी कोरडी. संभाजीनगरात मलिक अंबरच्या काळातल्या पाणी आणणाऱ्या नहरी जमिनीखाली आहेत. नकाशात नीट नोंद नसेल तर पाइपलाइन खोदणाऱ्याला नहर फोडल्यावरच कळतं की इथं नहर होती. धागाकर्ते म्हणतात तेच.

तेरणाकाठ

वाचतोय सगळं. मी इंजिनिअर नाही, शेती करतो. पण पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीचं टेकाड कसं जातं ते मी बघितलंय.

आमच्याकडं पांढरी माती धाब्याच्या घरावर टाकायला न्यायचे. बैलगाडीनं न्यायचे, उन्हाळ्यात दोन-चार गाड्या. टेकाड पिढ्यान्‌पिढ्या झिजलं पण राहिलं. पावसाळा सुरू झाला की आम्ही पोरं तिथं मणी वेचायला जायचो, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे सापडायचे. आता जेसीबी लागतो आणि हायवा ट्रक भरतो. उभ्या कापात राखेचा काळा पट्टा, त्याखाली विटांची ओळ, त्याखाली परत पांढरी, असं अगदी वहीच्या पानासारखं स्पष्ट दिसत होतं. पुढच्या वेळी गेलो तेव्हा तो कापच नव्हता.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, म्हणून तिथं आज संग्रहालय आहे. तगर म्हणून हे गाव रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक होतं. ज्या गावात असा माणूस नव्हता तिथलं काय काय गेलं असेल, विचार केला की जीव तुटतो.

पूर्णाकाठची

तेरणाकाठ भाऊ, तुमची तळमळ पोचली. महसूल खात्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. नोंदीचं म्हणाल तर सुरुवात आपल्याच दप्तरापासून करता येते.

मराठवाड्यात प्रत्येक तालुक्यात बेचिराख गावांची यादी असते. माणसं उठून गेलेली गावं, पण महसुली नाव शिल्लक आणि शिवार शिल्लक. त्यांच्या जुन्या गावठाणाची जागा गाव नकाशावर दाखवलेली असते. तिथं जाऊन उभं राहिलं की बहुतेक वेळा पांढर, खापरं, एखादी पडकी बारव, मारुती सापडतोच. जुन्या वस्त्यांची एवढी तयार यादी दुसरीकडं मिळणार नाही. १९५४ च्या सुमाराचं खासरा पत्रकही बघावं, त्यात त्या वेळची जमीन कशी होती ते कळतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज केला की नक्कल मिळते.

मग ग्रामसभेचा ठराव. ठरावात गट नंबर, चतुःसीमा, काय दिसतं, कुणी कधीपासून पाहिलं एवढं असावं. ठरावानं जागा कायद्यानं संरक्षित होत नाही, हे खरं. पण उद्या गौण खनिजाचा परवाना द्यायची वेळ आली की फायलीत तो कागद असतो, आणि कागद असलेली फाइल कुणालाही सहज पुढं ढकलता येत नाही.

वसमत_शेतकरी

ताई, माफ करा, पण माझी अडचण सांगतो. गावात हीच भीती आहे. पुरातत्त्ववाल्यांनी नाव लावलं की शेत गेलं, विहीर खोदता येत नाही, घर बांधता येत नाही, विकायला गेलं तर गिऱ्हाईक नाही. मणी सापडला तर लोक गुपचूप मातीत दाबतात. माझ्या वाट्याला तीन एकर आहे, त्यातलं अर्धं टेकाड. मी कशाला नोंद करून घेऊ?

पूर्णाकाठची

भाऊ, माफी कशाची? प्रश्न खरा आहे आणि तो असाच विचारायला हवा.

१००-२०० मीटरची बंधनं केंद्रानं राष्ट्रीय महत्त्वाचं म्हणून जाहीर केलेल्या स्मारकांना आहेत. राज्याच्या संरक्षित स्मारकांसाठी १९६० चा वेगळा कायदा आहे. दोन्हीकडं अधिसूचना निघावी लागते, आधी हरकती मागवतात. ग्रामसभेच्या ठरावानं किंवा कुणी नकाशावर खूण केल्यानं तुमच्या सातबाऱ्यावर बंधन येत नाही. तुम्ही नांगरणी करता, ती करत राहाल. थांबवायचं आहे ते जेसीबीनं टेकाड उचलणं.

मन्याडकाठ

वसमत भाऊ, यात खाणीचा अनुभव जोडतो. जमीन खचली की शेतकऱ्याला भरपाई मिळते ती विहीर, झाड, घर, पीक यांची, कारण ते पंचनाम्यात येतं. टेकाडाचं काहीच नाही. शेतकऱ्याला त्या जागेपोटी काही मोबदला मिळाला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. सगळा भार त्याच्या तीन एकरावर टाकून वारसा वाचत नाही.

अजिंठ्याची_लेक

वास्तू हलवता येत नाही का, असं आमच्या वर्गातही विचारतात. चेकमध्येच मोस्ट गावचं चर्च १९७५ मध्ये रुळांवरून ८४१ मीटर हलवलं, खालचा कोळसा काढायचा होता म्हणून. पण उभी इमारत हलते. पांढरीचं टेकाड उचललं की उरते ती नुसती माती, आणि तेरणाकाठ दादांनी लिहिलेला तो राखेचा पट्टा कुठल्याच रुळावर बसत नाही. पितळखोऱ्याची लेणी बघा, दर्शनी भाग आधीच ढासळलेले, कातळच ठिसूळ. त्यांना हलवणंही नाही आणि धक्काही चालणार नाही.

मोजणीबद्दल एक. सेंटिनेल-१ हा युरोपचा रडार उपग्रह २०१४ पासून फिरतोय, त्याची माहिती फुकट मिळते, आणि एकाच जागेच्या वेगवेगळ्या तारखांच्या प्रतिमा ताडून जमिनीची काही मिलिमीटरची हालचालही काढता येते. जुलै २०२५ मध्ये भारत-अमेरिकेचा निसार उपग्रह वर गेला, तोही याच कामाचा. शेतात पीक उभं असलं की वाचन बिघडतं, पण दगडी देऊळ, परकोट, डांबरी रस्ता यांचं चांगलं येतं. चंद्रपूर-भद्रावतीच्या स्मारकांसाठी हे कुणीतरी विद्यापीठातून नियमित करायला हवं.

मन्याडकाठ

उपग्रह हवाच, पण स्वस्तातली जुनी पद्धतही सोडू नका. भिंतीच्या भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवायची, बाजूला तारीख लिहायची. भेग वाढली की काच तडकते. देवळाच्या पुजाऱ्यालाही ते कळतं, आणि तो रोज तिथं असतो. संरक्षित स्मारक असेल तर संबंधित खात्याला कळवूनच लावा.

आणि एक राहिलं. खाण असो की मोठी खदान, पर्यावरण परवानगीच्या आधी जिथं जनसुनावणी लागते तिथं किमान ३० दिवसांची नोटीस निघते. अहवालात आसपासच्या पुरातत्त्वीय जागांची यादी द्यायची असते, आणि ती बहुधा केवळ संरक्षित स्मारकांची देऊन मोकळे होतात. लेखी हरकत मराठीत देता येते. 'गट नंबर अमुकमधली पांढर यादीत नाही, ती सरफेस प्लॅनवर घ्यावी' हे एक वाक्य खरं काम करतं. ग्रामसभेचा ठराव जोडला तर वजन येतं.

बालाघाट

मान्य. पहिल्या प्रतिसादात मी जे म्हटलं त्यातलं क्रशरचं मागं घेत नाही, पण नोंदीचं पटलं. बारवांची नोंद तरुण मुलांनी नकाशावर केली, परभणी जिल्ह्यातल्या वालूरच्या चक्राकार बारवेला त्यामुळंच लांबून लोक येतात. तसंच पांढरींचं करू. इथंच सगळ्यांनी आपापल्या गावचे अक्षांश-रेखांश टाका, मी यादी बनवतो.

पूर्णाकाठची

नको, बालाघाट भाऊ, इथं उघड टाकू नका. गुप्तधनवाले अशा याद्यांच्या शोधातच असतात. अमावास्येला खोदलेले खड्डे, लिंबू-नारळ मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. कुठल्या तालुक्यात किती जागा, एवढंच इथं लिहा. नेमकी जागा, फोटो, गट नंबर हे राज्य पुरातत्त्वच्या सहायक संचालकांकडं द्या, संभाजीनगर आणि नांदेडला कार्यालयं आहेत. पोच घ्या. एक प्रत ग्रामपंचायतीत.

तेरणाकाठ

हे बरं सांगितलं ताई. मग आमच्या शिवारातली दोन टेकाडं मी लिहून काढतो, एक अजून शाबूत हाय, एक अर्धं गेलंय. अर्धं गेलेल्याची नोंद करायची का?

पूर्णाकाठची

करायचीच. जो काप उघडा पडलाय त्याचा फोटो काढा, बाजूला मोजपट्टी धरा म्हणजे थराची जाडी कळेल. उकरू नका, खापर उचलू नका. पावसाआधी जा, पावसानं काप ढासळतो.

वसमत_शेतकरी

ठरावाचा मसुदा कुणी टाकेल का इथं? गट नंबर न लिहिता, नुसता नमुना. आमची ग्रामसभा जवळ आली आहे, सरपंचाशी बोलून बघतो.